‘जरा जास्त भरली तर काय होतं?’ : घरी भरलेली काडतुसं, फुटलेलं रिव्हॉल्व्हर आणि दाबाचं गणित

जुना चीफ (देवगड)

मंडळी, गेले दोन महिने अमेरिकेत मेव्हण्याकडे होतो. तिथे एक गोष्ट पाहिली, ती डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलं, त्यामुळे दाब, बॉयलर, सिलिंडर हा विषय निघाला की मी गप्प बसत नाही हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहेच.

मेव्हण्याचा शेजारी साठीचा, निवृत्त वायरमन. कागदी निशाणांवर रिव्हॉल्व्हरने नेम धरायचा छंद. तिकडे वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरी आणून त्यात नवी टोपी (घोडा पडला की ठिणगी देते ती), नवी दारू, नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करतात. कायद्याने चालतं, स्वस्त पडतं. गॅरेजमध्ये एक हातयंत्र असतं, आपल्या सोऱ्याचं थोरलं भावंड म्हणा. हँडल ओढलं की एकेक काम होतं.

मी पोचलो त्याच्या आठवडाभर आधी त्याचं रिव्हॉल्व्हर हातात फुटलं. पॉइंट थ्री एट स्पेशल जातीचं, सहा गोळ्यांचं. मला त्याने ते टेबलावर आणून दाखवलं. फिरणाऱ्या चक्रीत, म्हणजे सिलिंडरमध्ये, सहा घरं असतात. त्यातली वरची तीन जागेवर नव्हती. जे घर उडालं ते आणि त्याच्या दोन्ही बाजूंची. सिलिंडरवरून जाणारा चौकटीचा वरचा पट्टा कमानीसारखा उचलून मधोमध तुटला होता. खालची तीन घरं मात्र अशी, की जणू काही घडलंच नाही. माणूस वाचला, कारण डोळ्यांवर जाड चष्मा होता. कपाळाला टाके पडले. रेंजच्या लाकडी छपरात एक तुकडा रुतून बसलाय, तो अजून कोणी काढलेला नाही.

मी विचारलं, दारू किती भरली होतीस? तर हसला आणि म्हणाला, “पुस्तकात असते त्यापेक्षा जरा जास्त. नेहमीच भरतो. पुस्तकवाले वकिलांना घाबरून आकडे कमी छापतात.” आणि पुढे, “लोखंडच खराब होतं.”

मी त्या तुटलेल्या कडा भिंगाखाली पाहिल्या. लोखंडात बुडबुडा नाही, जुनी चीर नाही, गंज नाही. ताजी, खरखरीत, एका झटक्यात फाटलेली कड. वाफेच्या पाइपाची अशी कड मी एकदा पाहिली आहे. तेव्हा दोष पाइपाचा नव्हता.

आता आकडे. अमेरिकेत ‘सामी’ नावाची उत्पादकांची संस्था १९२६ पासून आहे, ती प्रत्येक काडतुसाची दाबाची मर्यादा ठरवते. थ्री एट स्पेशलची मर्यादा १७,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड. बार मध्ये सांगायचं तर सुमारे ११७०. मोठ्या जहाजाच्या डिझेल इंजिनात जळणाच्या क्षणी दाब १५० ते २०० बार असतो, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक सिलिंडर हेडवर आम्ही एक रिलीफ व्हॉल्व्ह ठेवतो, दाब मोजायला इंडिकेटर लावतो, त्याची नोंद वहीत करतो. या माणसाच्या मुठीत त्याच्या सहापट दाब. व्हॉल्व्ह नाही. गेज नाही. वहीसुद्धा नाही.

---

कुळीथपिठी (चिपळूण)

चीफ, आम्हा गृहिणींना पीएसआय म्हणजे काय ते कुकरच्या भाषेत सांगा. आणि ‘जरा जास्त’ म्हणजे चिमूटभर, की वाटीभर?

---

जुना चीफ

@कुळीथपिठी, कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला वाजते. म्हणजे १७,००० हा हजारापेक्षा जास्त कुकरांचा जोर, तोही बोटभर जाडीच्या घरात, मिलिसेकंदाच्याही आत. आणि कुकरला शिट्टी असते, ती अडकली तर सेफ्टी प्लग वितळतो. इथे सेफ्टी प्लग म्हणजे सगळ्यात पातळ भिंत. तिच्यापलीकडे तुमचं कपाळ.

आणि चिमूट? चिमूट फार झाली. तिकडे दारू ग्रेनमध्ये तोलतात. आपला तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, तेव्हा एक गुंज दोन ग्रेनांच्या आतच. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातलं सगळं प्रकरण सोनाराच्या गुंजांच्या हिशेबातलं. तिथे अर्ध्या गुंजेची चूक ही भाजीतल्या मिठासारखी नसते.

---

रापण (मालवण)

चीफांनू, आमच्या हय तारकर्लीत स्कूबाच्यो टाकयो भरतत, तेच्यात २०० बार असता. भरताना आमी टाकी पाण्यात बुडवन ठेवतव आणि लांब रवतव. माका तेचाच भय वाटता. आणि ह्यो मानूस तेच्या सहापट दाब हातात धरून डोळ्यासमोर धरता? कायच्या काय!

---

सड्यावरचा (राजापूर)

आमच्याकडे आजोबांच्या नावावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. काजूत वानरं, भातात डुक्कर, तुम्हाला सांगायला नको. रिव्हॉल्व्हर मी कधी हातात धरलेलं नाही, पण ‘जरा जास्त’ हा रोग आमच्या वाडीत पिढीजात आहे. आजोबा म्हणायचे, जास्त ठासली म्हणून बार लांब जात नाही, आवाज लांब जातो.

काळ्या दारूचं एक बरं असतं म्हणे, की ती क्षमा करते. पण तिच्या जागी कोणी काडतुसातली बिनधुराची दारू काढून ठासली, की संपलं. आमच्या पलीकडच्या गावात एकाने हेच केलं होतं. नळी केळफुलासारखी उलगडली. हाताची दोन बोटं गेली. माप तेच, डबी तीच, नुसती दारू वेगळी.

---

पुण्याचा पाहुणा

धागा रोचक, पण एक शंका. इंजिनियर लोक प्रत्येक गोष्टीत मार्जिन ठेवतात. पूल १० टनांचा म्हणतात आणि १५ टनांचा ट्रक जातो. तसंच बंदुकीतही ठेवत असतील. मग पाच-दहा टक्के वाढवल्याने खरंच काही बिघडतं, की त्या शेजाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं आणि ते लोखंड खरंच खराब निघालं?

---

निवृत्त आर्मरर (सावंतवाडी)

मी फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यातच नोकरी काढली. बोलायचं नव्हतं, पण वरचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

मार्जिन असतं. कारखान्यात प्रत्येक नवं हत्यार मुद्दाम जास्त दाबाच्या काडतुसाने उडवून पाहतात, त्याला प्रूफ म्हणतात. युरोपातल्या नियमांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी हा दाब नेहमीच्या मर्यादेपेक्षा ३० टक्के जास्त असतो. पण ते मोजून, दूरवरून, आडोशाआडून करतात, नंतर हत्यार तपासतात, आणि मग ठसा मारतात. एकदा. ते मार्जिन कोणासाठी असतं? उन्हात तापलेल्या काडतुसासाठी, नळीत राहिलेल्या तेलासाठी, एखाद्या पुंगळीच्या जाड भिंतीसाठी, वीस वर्षांच्या झिजेसाठी. तुम्ही ते रोज स्वतःच खाऊन टाकलंत तर ज्या दिवशी खरंच काही चुकेल त्या दिवशी शिल्लक शून्य.

दुसरं, दाब दारूच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये पॉल विएय याने १८८४ साली केली. तिचा स्वभाव असा, की भोवतीचा दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. दारू दहा टक्के वाढवली म्हणून दाब दहा टक्क्यांवर थांबत नाही. गोळी पुंगळीत थोडी जास्त आत बसवली तरी तसंच, दारूला जागा कमी मिळते आणि दाब चढतो. म्हणजे दारूचं वजन अगदी बरोबर असूनही चूक होऊ शकते. गोळी बदलली, टोपी बदलली, तरी हिशेब बदलतो.

तिसरं, आणि हे लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. ‘जास्त झालं तर खुणा दिसतील, मग कमी करू’ असं म्हणणारे मी खूप पाहिले. टोपी चपटी होते, पुंगळी घरात चिकटून बसते, काढायला जोर लागतो, वगैरे. या खुणा रायफलीत थोड्याफार उपयोगी. पण पितळ सगळीकडे तेच आहे. तीस-शून्य-सहा रायफलीचं काडतूस ६०,००० पीएसआयच्या मर्यादेत चालतं, तेच पितळ, त्याच धाटणीची टोपी. मग १७,००० च्या रिव्हॉल्व्हरमध्ये पितळ कुरकुर करायला लागेपर्यंत तुम्ही मर्यादेच्या किती पुढे गेलेले असता, याचा विचार करा. खूण दिसली तर ती इशारा नव्हे, पंचनामा.

चौथं, पाहिलंच नसेल तर कळणार नाही असं. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर छोट्या खाचा असतात, चक्री नेमकी थांबवायला. सहा घरांच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत ही खाच नेमकी घराच्या पाठीवर येते. म्हणजे भिंत सगळ्यात पातळ, जिथे जाड हवी तिथेच. पाच घरांच्यात खाच दोन घरांच्या मधल्या जाड भागावर पडते. चीफनी सांगितलेली तीन घरं का गेली? फाट खाचेपाशी सुरू होते, घर उघडतं, शेजारच्या दोन घरांशी असलेल्या पातळ भिंती आत ढकलल्या जातात, आणि वरचा पट्टा वाटेत येतो म्हणून तो तुटतो. लोखंड खराब असतं तर फाट दोषाच्या जागेवरून गेली असती. ही ठरल्या वाटेने गेली.

---

टेक्सासवासी गुहागरकर

मी इथे बारा वर्षं आहे, स्वतः काडतुसं भरतो. आर्मरर साहेबांना मान देऊनच, पण दुसरी बाजूही मांडतो. मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस, जन्मलंच कसं? जास्त भरणाऱ्यांनीच जन्माला घातलं! १९३० साली एका अमेरिकन कंपनीने थ्री एट स्पेशल काडतूस तसंच ठेवून मोठ्या चौकटीचं रिव्हॉल्व्हर काढलं, मुद्दाम तगड्या काडतुसांसाठी. १९३५ ला त्यातूनच थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नम आलं, आणि त्याची मर्यादा आज ३५,००० पीएसआय आहे, म्हणजे थ्री एटच्या दुपटीहून जास्त. गोळीचा व्यास दोन्हींचा एकच. एल्मर कीथ या अमेरिकन नेमबाजाने वर्षानुवर्षं फोर्टी फोर स्पेशलमध्ये जास्त दारू भरली, आणि १९५५ च्या अखेरीस फोर्टी फोर मॅग्नम आलं. सगळेच पुस्तकाला चिकटून बसले असते तर?

---

निवृत्त आर्मरर

@गुहागरकर, गोष्ट अर्धी सांगितलीत. तुम्हीच पुरी करा. १९३५ ला मॅग्नमची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच लांब का केली?

---

टेक्सासवासी गुहागरकर

...जुन्या थ्री एट रिव्हॉल्व्हरमध्ये ती बसू नये म्हणून. ठीक आहे, मुद्दा आला लक्षात.

---

निवृत्त आर्मरर

राग नको. १९३० च्या त्या तगड्या काडतुसांचं माप साध्यासारखंच होतं, म्हणून ती कोणाच्याही लहान रिव्हॉल्व्हरमध्ये शिरत. ती चूक कंपनीला कळली आणि तिने पितळच लांब केलं. तुम्ही गॅरेजमध्ये थ्री एटच्या पुंगळीत मॅग्नमची ताकद भरता तेव्हा ती चूक पुन्हा उलटी करता. काडतूस कुठल्याही जुन्या हत्यारात जाऊ शकतं आणि वरून कळायला काही मार्ग नाही. आज तुमचं, उद्या तुमच्या मुलाचं, परवा त्याने गराज सेलमध्ये विकलेल्या डब्यातलं.

एल्मर कीथचंही तसंच. फोर्टी फोरकडे तो वळला, कारण त्याआधी पॉइंट फोर फाइव्ह कोल्टमध्ये जास्त भरल्यामुळे त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं होतं. फोर फाइव्हची घरं मोठी, भिंती पातळ. त्या काडतुसाची मर्यादा आजही १४,००० आहे.

आणखी एक उदाहरण देतो, कारण जुनी वेबली आपल्याकडेही बऱ्याच जणांनी पाहिलीत. मधून मोडणारी, १९१५ ची मार्क सिक्स, पॉइंट फोर डबल फाइव्हची. युद्धानंतर अमेरिकेत ती ढिगाने गेली आणि तिथे तिच्या सिलिंडरची मागची बाजू घासून फोर फाइव्ह एसीपी पिस्तुलाचं काडतूस त्यात बसवायची टूम निघाली. ‘बसतंय’ म्हणजे ‘चालतंय’ असं धरलं. एसीपीची मर्यादा २१,०००. म्हणजे कारखान्यातलं साधं काडतूसच त्या वेबलीच्या प्रूफ दाबाला जाऊन भिडतं. प्रत्येक वेळी घोडा पडला की प्रूफ टेस्ट. काहींनी वर्षभर उडवली, काहींची एकदाच उडाली.

---

संपादक मंडळ

सूचना: कोणत्याही दारूचं नाव, वजन, किंवा भरण्याची पद्धत इथे लिहू नये. आत्तापर्यंत कोणी लिहिलेलं नाही, तसंच राहू द्या. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप अशी आहे. धागा सुरक्षिततेपुरता चालू ठेवतो आहोत.

---

सड्यावरचा

संपादकांना अनुमोदन. विषय निघालाच आहे तर, निवडणूक लागली की आमची ठासणी पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते आणि नेमकं तेव्हाच भात कापणीला आलेलं असतं. डुकरांना आचारसंहिता कोणी समजावायची? असो, अवांतर झालं.

---

रापण

अवांतर नाय, खराच आसा ता. वानर तर आता बंदूक बघून हसतत.

---

वाडीतली वहिनी (वेंगुर्ला)

मी वाचते फक्त, पण आज लिहिते. सासऱ्यांचं परवान्याचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर होतं, ते त्यांच्यामागे रीतसर जमा केलं. परवा माळ्यावरचं ट्रंक काढलं तर चिंधीत गुंडाळलेली अकरा काडतुसं सापडली. पितळ पार कळकलंय, हिरवं पडलंय, एकदोघांच्या टोपीभोवती पांढरं काही जमलंय. दीर म्हणतात, कोणी ओळखीचा परवानावाला असेल तर देऊन टाकू, वाया कशाला घालवायची. काय करू?

---

निवृत्त आर्मरर

वहिनी, ती कोणाला देऊ नका, घासूनपुसून चमकवू तर अजिबात नका. पुन्हा त्याच चिंधीत गुंडाळा, चुलीपासून आणि पोरांपासून लांब ठेवा, आणि पोलीस ठाण्यात फोन करून, सापडली आहेत, जमा करायची आहेत, असं सांगा. शक्यतो त्यांनाच न्यायला येऊ द्या. सासऱ्यांच्या परवान्याची आणि हत्यार जमा केल्याची पावती जवळ असू द्या. परवान्याशिवाय घरात काडतूस असणं हाच गुन्हा होतो, म्हणून उशीर नको.

आपल्या खाऱ्या हवेत पितळाचं काय होतं ते देवघरातल्या समईला विचारा. कळकलेली पुंगळी ठिसूळ होते, दाब झाला की मागे फाटते. दारू ओलसर झाली असेल तर उलटंच होतं. बार फुसका निघतो आणि गोळी नळीतच अडकते. ‘फुस्स’ असा आवाज आला, झटका बसलाच नाही, आणि माणूस चाप पुन्हा ओढतो. पुढे गोळी अडकलेली, मागून दुसरी येते. नळी फुगते नाहीतर फुटते. म्हणून नेहमीपेक्षा वेगळा आवाज झाला की हत्यार खाली, तोंड निशाणाकडे, आणि नळी रिकामी असल्याची खात्री होईपर्यंत पुढचा बार नाही. कमी दारूनेही हत्यार फुटतं, हे लोकांच्या गळी उतरत नाही.

---

वाडीतली वहिनी

फोन केला. संध्याकाळी हवालदार येऊन घेऊन गेले, पंचनामा करून पावती दिली. चहा घेतला नाही, पण सोलकढी घेतली. आभार.

---

पुण्याचा पाहुणा

माझ्या पुलाच्या उदाहरणावर विचार केला. पुलावरून जास्त वजन गेलं तर पूल वाकतो, आवाज करतो, तडा दिसतो. इथे तसं काहीच नाही. म्हणजे शेजाऱ्याने शेकडो वेळा ‘जरा जास्त’ भरलं आणि काही झालं नाही, याचा अर्थ ते सुरक्षित होतं असा होतच नाही?

---

जुना चीफ

@पाहुणा, अगदी. आणि ‘काही झालं नाही’ हेही पूर्ण खरं नव्हतं. मी त्याला विचारलं, गेल्या वर्षभरात सिलिंडर पुढे-मागे हलायला लागला होता का? म्हणाला, हो, जरा खुळखुळायचा. पुंगळ्या काढायला जोर लागायचा का? हो, कधीकधी दांडीवर तळहात मारावा लागायचा. नळीच्या तोंडापाशी वरच्या पट्ट्यावर ज्वाळेने चर पडला होता का? हो, पण ते सगळ्यांच्यात पडतं म्हणे. थोडा पडतोच, तेही खरं.

इंजिनाचा बेअरिंग वाजायला लागला की आम्ही म्हणतो ते बोलतंय. त्याचं रिव्हॉल्व्हर वर्षभर बोलत होतं. मात्र आर्मरर म्हणतात ते ध्यानात घ्या. ती झीज म्हणजे आधी झालेल्या अतिदाबाची नोंद. पुढच्या बाराला किती दाब होणार आहे, ते त्यातून कळत नाही.

तरी एक गोष्ट मला अजून खटकत होती. ‘जरा जास्त’ने रिव्हॉल्व्हर झिजतं, खिळखिळं होतं. तीन घरं एका बारात उडायला ‘जरा’ पुरेल असं वाटत नव्हतं. मी निघण्याआधी त्याला म्हटलं, त्याच दिवशी भरलेली उरलेली काडतुसं आहेत ना? ती उडवू नकोस, उघड. एकेक गोळी उपटून आतली दारू तोल आणि मला कळव.

---

निवृत्त आर्मरर

चांगलं केलंत. फक्त त्याला सांगा, आख्खं काडतूस तोलून काही समजणार नाही. पितळ आणि शिसं यांच्याच वजनात इतका फरक असतो की दारूची चूक त्यात लपून जाते. उघडावंच लागेल.

माझा अंदाज आधीच लिहून ठेवतो. थ्री एट स्पेशल १८९८ चं, पुंगळी काळ्या दारूच्या मापाची. आजची बिनधुराची दारू तिच्या तळाशी जेमतेम असते, वर अर्ध्याहून जास्त जागा रिकामी. म्हणजे दारू चुकून दोनदा पडली तरी सांडत नाही, दिसत नाही, गोळी नेहमीसारखी बसते. बाटलीत जेवढी मावते तेवढीच घातली असती तर चूक लगेच कळली असती. इथे भांडं मोठं आणि डाव लहान.

---

कुळीथपिठी

भांडं मोठं आणि डाव लहान, हे मला पटकन कळलं. चहात साखर घातली की नाही आठवत नाही म्हणून दुसऱ्यांदा घालतो, त्यातलाच प्रकार.

---

जुना चीफ

तीन आठवड्यांनी आज त्याचा निरोप आला. मेव्हण्याने फोनवर वाचून दाखवला.

त्या दिवसाच्या डब्यात ८७ काडतुसं उरली होती. सगळी उघडली. ८६ मध्ये दारू एकसारखी, सगळी पुस्तकातल्या वरच्या मर्यादेच्या थोडी पुढे, म्हणजे त्याची नेहमीची ‘जरा जास्त’. आणि एका पुंगळीत दारूचा कणही नाही.

त्याच्या यंत्रात पुंगळ्या ज्या ताटलीवर बसतात ती हाताने फिरवावी लागते. हँडल ओढायचं, ताटली एक घर पुढे, हँडल ओढायचं, ताटली पुढे. त्याला आता आठवतंय की त्या दिवशी मध्येच नातीचा फोन आला होता. परत येऊन कुठवर आलो होतो ते न पाहता हँडल ओढलं असणार, एका पुंगळीत दोनदा पडली. मग चूक भरून काढायला की काय, ताटली दोनदा फिरवली, एक रिकामी गेली. म्हणजे आर्मररचा अंदाज खरा. आणि ते दोनदा पडलेलं माप साधं नव्हतं, त्याचं ‘जरा जास्त’चं माप होतं.

तो रिकामा बार आधी हाताला लागला असता, तर गोळी नळीत अडकली असती आणि गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोचली असती.

लोखंडाबद्दल आता काही बोलत नाही म्हणे.

---

सड्यावरचा

चीफ, हे वाचून आजोबांची एक गोष्ट आठवली. ठासणीत असंच होतं. दिवाळीत भरून ठेवलेली बंदूक माणूस शिमग्याला विसरतो आणि वरून पुन्हा ठासतो. म्हणून आजोबांनी गजावर दोन ठिकाणी चाकूने खाच मारली होती. गज नळीत सोडायचा. पहिली खाच नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी, दुसरी आली तर एक बार आत आहे. त्याच्याही वर राहिला तर बंदूक खाली ठेवायची आणि आजोबांना हाक मारायची. अंधारातही नख लावून कळायचं. भरण्याआधी गज सोडल्याशिवाय आमच्या घरात कोणी दारूच्या डबीला हात लावत नसे.

शेजाऱ्याला सांगा, पुंगळीलाही गज लावता येईल की.

---

जुना चीफ

सांगितलं. मेव्हण्याने त्याला इंग्रजीत कसं समजावलं देव जाणे.

काल फोटो आला. तिथल्या भारतीय दुकानात माडाच्या हिरांची केरसुणी मिळते, मेव्हण्याकडे होती, तिच्यातला एक हीर त्याने कापून घेतलाय. त्यावर पेनाने दोन रेघा. गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत हीर टेकवतो, रेघ बघतो, मगच पुढची. दारूचं मापही आता पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून सुरू केलंय म्हणे. नवं रिव्हॉल्व्हर अजून घेतलेलं नाही, बायको घेऊ देत नाही.

हिराचं जाड टोक वर ठेवायचं की खाली, असं त्याने विचारलंय. @सड्यावरचा, उत्तर द्या.

---

सड्यावरचा

जाड टोक खाली. बारीक टोक दारूत रुततं आणि रेघ खोटी पडते.